कामाकुरा पाहिले की उरकले?

जपानच्या सहलींची पत्रके हल्ली सुशिक्षित घरांतून दिवाळी अंकांच्या बरोबरीने येऊन पडू लागली आहेत. त्यांत चेरीचा बहर असतो, फुजी पर्वत असतो, वेगवान आगगाडी असते. आणि ह्या सर्वांच्या सांदीत कोठे तरी ‘कामाकुरा : अर्धा दिवस’ अशी एक ओळ असते. त्या अर्ध्या दिवसात काय पाहावयाचे ह्याची यादीही सिद्धच असते : महाबुद्ध, हासेची कान्नोन, हाचिमानाचे देवस्थान, आणि वेळ उरल्यास एनोशिमा बेट. प्रवासी जातो, छायाचित्रे घेतो, परत येतो. आणि त्याच्या हाती लेखणी असली तर पुढे प्रवासवर्णनही लिहितो. ते वर्णन म्हणजे बहुधा त्या यादीवरील भाष्य असते. मूळ यादी चार ओळींची, भाष्य चाळीस पानांचे. नवे असे त्यांत फक्त हवामान आणि जेवण.

ह्या यादीविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचे आहे. यादी ही बिचारी सोयीची वस्तू, तिच्यावर एवढा राग कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कामाकुरासारख्या गावात ती निरुपद्रवी राहिलेली नाही. तेथे राहणाऱ्यांस ती जाचते आणि पाहावयास येणाऱ्यांस ती आंधळे करते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ह्या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या नाहीत, हे दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कामाकुरा हे तोक्योच्या दक्षिणेस, आगगाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर, सागामी उपसागराच्या काठी वसलेले गाव. तीन बाजूंस डोंगर व चौथ्या बाजूस समुद्र, अशी त्याची निसर्गदत्त तटबंदी. मिनामोतो नो योरितोमो 1180 साली येथे आला, 1192 साली त्यास शोगुनपद मिळाले, आणि पुढे 1333 पर्यंत जपानचा कारभार क्योतोच्या सम्राटाच्या नावाने, परंतु कामाकुराच्या योद्ध्यांच्या हुकमाने चालला. सत्ता गेल्यावर गाव शेतकऱ्यांचे व कोळ्यांचे झाले. आज तेथील वस्ती पावणेदोन लाखांच्या आतबाहेर आहे. आणि करोनाच्या साथीपूर्वीच्या 2018 व 2019 ह्या वर्षांत तेथे येऊन गेलेल्यांची संख्या प्रतिवर्षी पावणेदोन कोटींच्या वर होती. म्हणजे गावातील तान्ह्या मुलासही हिशेबात धरले तरी माणशी शंभर पाहुणे.

प्रथम महाबुद्धाकडे वळू, कारण यादीचा आरंभ तेथेच होतो. कोतोकु-इन मंदिराच्या आवारातील ही ब्राँझची मूर्ती चौथरा सोडून 11.3 मीटर उंच असून तिचे वजन 121 टन आहे. 1252 साली ती ओतण्यास आरंभ झाला. मूर्ती अमिदाची, म्हणजे आपल्याकडील ग्रंथांतील अमिताभाची, शाक्यमुनीची नव्हे. (कवयित्री योसानो आकिको हिने तिजवर कविता रचताना तिला शाक्यमुनी म्हटले, आणि ती कविता त्याच आवारात शिळेवर कोरून ठेविली आहे. देवाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.) आता ह्या मूर्तीविषयी प्रत्येक मार्गदर्शक एक गोष्ट सांगतो. मूर्तीवर पूर्वी भव्य मंदिर होते. 1498 साली भूकंपामागून समुद्राची प्रचंड लाट आली. तिने मंदिर वाहून नेले, पण बुद्ध जागचा हलला नाही. गोष्ट मोठी रम्य आहे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि लगेच पुढील स्थळाची वेळ होते.

परंतु बान्री शुक्यू नावाचा एक झेन भिक्षू 1486 साली कामाकुरास आला होता, आणि बुद्ध उघड्यावर बसला आहे, वर मंदिर नाही, असे त्याने लिहून ठेविले आहे. म्हणजे ती प्रसिद्ध लाट येण्यापूर्वी बारा वर्षे तेथे वाहून नेण्यास मंदिरच उरलेले नव्हते! 1334 व 1369 साली वादळांत ते पडल्याच्या नोंदी आहेत. पुढे ते पुन्हा उभे करण्याइतका पैसा वा उत्साह गावात राहिला नसावा. राजधानी उठून गेलेल्या गावाची ही साधी, कष्टी कहाणी. ती लाटेच्या कहाणीहून आम्हांस अधिक हृदयस्पर्शी वाटते; पण यादीत तिला स्थान नाही, कारण ती अर्ध्या मिनिटात सांगून होत नाही. बुद्ध जागचा हलला नाही हेही खरे नव्हे. 1923 च्या महाभूकंपात चौथरा खचला आणि मूर्ती पुढे सरकली. पुढे 1960-61 च्या दुरुस्तीत तिची मान आतून प्लास्टिकच्या थरांनी बळकट करण्यात आली, आणि मोठा भूकंप झाल्यास मूर्तीने चौथऱ्यावर थोडे सरकावे म्हणजे ती मोडणार नाही, अशी योजना करण्यात आली. ज्या मूर्तीच्या अचलपणाचे पोवाडे गायिले जातात ती आज सुरक्षित आहे ती तिला हलण्याची मुभा दिल्यामुळे. थोडे पैसे भरून मूर्तीच्या पोटात शिरता येते. आत ओतकामाचे सांधे उघड दिसतात आणि सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या ओतारींनी थरावर थर चढवीत एवढे काम कसे पार पाडले ते कळू लागते. ह्या कामासाठी जोको नावाच्या भिक्षूने लहानथोरांकडून वर्गणी गोळा केली होती. इतके सर्व पाहण्यास तास लागतो, आणि पत्रकातील वेळापत्रकात महाबुद्धाच्या वाट्यास एवढा वेळ बहुधा येत नाही.

हाचिमान देवस्थानाच्या पायऱ्यांवर हीच कथा. 1219 साली तिसरा शोगुन सानेतोमो ह्याचा त्याच्या पुतण्याने तेथे खून केला, हे इतिहासाने सिद्ध आहे. मारेकरी पायऱ्यांजवळच्या गिंको वृक्षामागे दडून बसला होता, हे मात्र पुढे चारपाचशे वर्षांनी एदो काळात जोडलेले आहे. जुन्या वृत्तांतात झाडाचा उल्लेख नाही. 10 मार्च 2010 रोजी तो वृक्ष वाऱ्याने उन्मळून पडला. आता खुंटास धुमारे फुटले आहेत, आणि न घडलेल्या लपण्याची कथा त्या धुमाऱ्यांकडे बोट दाखवून सांगितली जाते.

आख्यायिका असू नयेत असे आमचे म्हणणे नाही. आख्यायिका हे गावाचे धनच आहे. आमचा आक्षेप एवढाच, की यादीच्या घाईत आख्यायिका उरते आणि गाव निसटते.

हासेदेराचे उदाहरण ह्याहून गंभीर आहे. तेथील कान्नोन ही अकरा मुखांची, 9 मीटरांहून उंच अशी लाकडी मूर्ती आहे. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. आमच्या वाचकांपैकी जे मुंबईचे आहेत त्यांस येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही : बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरीच्या 41 व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे, आणि तो हासेच्या मूर्तीहून पुष्कळ जुना आहे. हासेच्या देवळात पाय ठेवणाऱ्या किती मराठी प्रवाशांनी तो पाहिला असेल, हा हिशेब आम्ही वाचकांवरच सोपवितो. पण आमचा मुद्दा निराळा आहे. ह्या देवळाच्या उतारावर जिझोच्या लहान लहान दगडी मूर्तींच्या रांगा आहेत. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व. ज्यांची मुले गर्भातच गेली, जन्मताच गेली, किंवा ज्यांस गर्भ ठेवता आला नाही, अशा आईबापांनी त्या अर्पण केलेल्या आहेत. एकसारख्या, बोटभर उंचीच्या वाटाव्यात अशा त्या मूर्ती दुरून शोभिवंत दिसतात. आणि यादीने त्यांची गणना शोभेतच केली आहे. त्यांच्यापुढे हसून छायाचित्र घेणाऱ्याचा अपराध केवढा म्हणावा? त्यास कोणी सांगितलेलेच नसते. सांगणाऱ्याचे काम यादीकडे होते, आणि यादीला बागेची कमान व समुद्राचा देखावा ह्यांच्यामध्ये शोकासाठी जागा काढता आली नाही. एखाद्या परक्याने आपल्या गावच्या स्मशानाच्या ओट्यावर बसून फराळ करावा, आणि त्यास आणणाऱ्याने ते कौतुकाने पाहावे, तसा हा प्रकार आहे.

डोंगरात झेनिआराई बेन्तेन नावाचे एक देवस्थान आहे. बेन्तेन ही आपली सरस्वती. तेथील गुहेतल्या झऱ्यात टोपलीत ठेवून पैसे धुतले की ते वाढतात अशी श्रद्धा आहे. विद्येची देवता परदेशी गेली आणि तिच्या दारात नाणी धुण्यास रांग लागली, हे पाहून हसू येते खरे. परंतु ही जपानची जुनी भक्ती आहे, उगा नावे ठेवू नयेत. शिवाय आपल्याकडे तरी तिच्या दारातील रांग हल्ली कशासाठी असते?

आता राहणाऱ्यांकडे येऊ. कामाकुराहून फुजिसावापर्यंत एनोदेन नावाची छोटी विजेची गाडी जाते. तिचा पहिला टप्पा 1902 साली सुरू झाला आणि 1910 साली मार्ग पुरा झाला. मार्ग 10 किलोमीटरांचा, स्थानके 15, रूळ एकेरी. कोठे घरांच्या परसांतून, कोठे रस्त्याच्या मधोमध, कोठे समुद्राच्या कडेने ती जाते. मुलांनी शाळेत जावे, म्हाताऱ्यांनी दवाखान्यात जावे, बायकांनी बाजार करून घरी यावे, ह्यासाठी ती गाडी. यादीने तिलाच ‘प्रेक्षणीय’ करून टाकले. सुटीच्या दिवशी कामाकुरा स्थानकाबाहेर एवढी रांग लागू लागली की गावच्या माणसास आपल्याच गाडीत पाऊल ठेवणे दुरापास्त झाले. शेवटी 2017 पासून नगरपालिकेने मे महिन्याच्या सुट्यांत एक प्रयोग करून पाहिला : रहिवाशांनी दाखला दाखवावा आणि रांगेत न थांबता आत जावे. घरी जाण्यासाठी आपण येथलेच आहोत असा कागद दाखवावा लागणे, ह्याची कल्पना वाचकांनी स्वतःच्या गल्लीपुरती करून पाहावी. 2019 साली रस्त्यावरील वर्तनासंबंधी एक नियमावलीही झाली. गर्दीत चालता चालता खाऊ नये इत्यादी. तिच्यात दंड नाही, केवळ विनंती आहे. जपानी सौजन्याचा हा कळस म्हणावा, की हतबलतेचा, हे ठरविणे कठीण.

ह्याच मार्गावरील कामाकुराकोकोमाए स्थानकाजवळच्या एका फाटकावर तरुणांची झुंबड उडते. ‘स्लॅम डंक’ ह्या बास्केटबॉलच्या चित्रकथेवरील पडद्यावरील मालिकेत ते फाटक दाखविले होते, एवढेच त्याचे महत्त्व. 2022 च्या चित्रपटानंतर तर रस्ता अडेपर्यंत गर्दी होऊ लागली. विद्वान लोक ह्या मुलांवर फार तोंडसुख घेतात. आम्हांस त्यांचा तितका राग येत नाही. त्यांनी रस्ता अडवू नये हे उघडच. पण ती मुले निदान आपल्या आवडीची एक गोष्ट पाहावयास समुद्र ओलांडून येतात, गाडी येईपर्यंत तिष्ठत उभी राहतात, आणि ती पाहून त्यांचे डोळे भरून येतात. चार देवळे दोन तासांत उरकणाऱ्या प्रौढ गृहस्थाने असा एकही क्षण त्या दिवसात अनुभवलेला नसतो. तो काही पाहावयास आलेला नसून पाहिल्याची खूण करावयास आलेला असतो.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्रवाशांचा पैसा नसता तर ही स्थळे टिकली असती काय? देवळांची छपरे, मूर्तींची डागडुजी, बागांची निगा ही तिकिटांवरच चालते ना? चालते, हे आम्ही नाकारीत नाही. पाहुण्यांचा ओघही आजचा नव्हे. एदो शहरचे नागरिक दोनतीनशे वर्षांपूर्वी एनोशिमा-कामाकुराची यात्रा करीतच होते, आणि त्यांतील पुष्कळांस देवापेक्षा मासळीची व हवापालटाची ओढ अधिक होती. परंतु कामाकुरा टिकले ते पाहणाऱ्यांमुळे, हा समज मात्र इतिहासाच्या विरुद्ध आहे.

1964 साल घ्या. तोक्योत ऑलिंपिक सामने भरले होते, देशभर बांधकामाचे वारे वाहत होते, आणि राजधानीच्या नोकरदारांस राहण्यास कामाकुराचे डोंगर फार सोयीचे होते. डोंगर कापून, दऱ्या बुजवून घरांसाठी सपाट जमीन करण्याचा सपाटा चालू असता, हाचिमान देवस्थानाच्या अगदी पाठीमागील ओयात्सू ह्या खोऱ्यावर पाळी आली. ह्या खोऱ्यात पाहण्यासारखे काय होते? यादीच्या भाषेत काहीच नाही. झाडे, ओढा, ओली माती. प्रवाशाने तिकडे कधी तोंड वळविले नसेल. देवस्थानाचे छायाचित्र घेताना मागे हिरवे काही तरी दिसते, तेवढाच त्या खोऱ्याशी त्याचा संबंध. तेव्हा उभे राहिले ते गावचे रहिवासी. सह्या गोळा झाल्या, सभा झाल्या, आणि माती उकरणाऱ्या यंत्रांपुढे माणसे आडवी गेली. ओसारागी जिरो हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार कामाकुरात राहत असे. त्याने आपली लेखणी ह्या कामी लावली आणि इंग्लंडातील नॅशनल ट्रस्टप्रमाणे लोकांनीच वर्गणी काढून जमीन विकत घ्यावी, हा विचार देशापुढे मांडला. 1964 च्या डिसेंबरात गावाच्या निसर्गशोभेच्या रक्षणार्थ मंडळी स्थापन झाली, आणि 1966 साली तिने त्या खोऱ्यातील दीड हेक्टर जमीन विकत घेतली. जपानातील अशा प्रकारची ही पहिली चळवळ समजली जाते. त्याच वर्षी जुन्या राजधान्यांच्या परिसराच्या रक्षणाचा कायदा झाला. तो क्योतो, नारा आणि कामाकुरा ह्यांस लागू आहे.

दीड हेक्टर म्हणजे पावणेचार एकर. एवढ्या जमिनीसाठी सामान्य गृहस्थांनी पदरचे पैसे मोजले आणि त्यातून सबंध देशाला कायदा मिळाला. आज हाचिमानाच्या पायऱ्यांवर उभे राहून जो प्रवासी ‘काय हो रम्य स्थान!’ म्हणतो, त्याची ती रम्यता ज्या वनराजीवर उभी आहे ती त्या गृहस्थांनी राखलेली आहे. आणि विलक्षण हे, की त्याच गृहस्थांस आज गाडीत शिरण्यासाठी दाखला लागतो! पाहुणा आणि यजमान ह्यांचे नाते ह्याहून उफराटे झालेले आमच्या माहितीत नाही.

ह्याच संदर्भात 2013 सालच्या एका प्रकरणाची आठवण होते. ‘योद्ध्यांचे माहेर’ म्हणून कामाकुराचे नाव जागतिक वारशाच्या यादीत (पुन्हा यादीच!) घालावे असा जपानचा प्रस्ताव होता. युनेस्कोच्या तज्ज्ञ सल्लागार संस्थेने तो मान्य करू नये असा अभिप्राय दिला, आणि जपानने तो मागे घेतला. देवळांची परंपरा ठीक आहे, पण योद्ध्यांची सत्ता, त्यांचे नगर, त्यांची घरे ह्यांचा दृश्य पुरावा अपुरा आहे, असे त्या अभिप्रायाचे सार होते. गावातील काहींस ह्याचे दुःख झाले, काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहो. तज्ज्ञांचे निदान मात्र खोटे नव्हते. कामाकुराचा मोठेपणा आज बहुतांशी जमिनीखाली व वाळूखाली आहे. झाइमोकुझाच्या किनाऱ्यालगत 1953 साली उत्खनन झाले तेव्हा शेकडो माणसांच्या अस्थी निघाल्या. त्यांतील पुष्कळ 1333 च्या शेवटच्या लढाईतील असाव्यात असे समजले गेले. त्याच किनाऱ्यावर उन्हाळ्यात मुले पोहावयास येतात. हे योग्यच आहे, किनारा मुलांचाच असावा. परंतु पाहावयास म्हणून आलेल्या माणसास तेथे काय आहे हे ठाऊक असावयास नको काय?

इतक्या गोष्टी पाहण्यास सामान्य प्रवाशाला वेळ कोठून मिळणार, असे सहल भरविणारे गृहस्थ विचारतील. वेळ वाढवा असे आम्ही म्हणतच नाही. यादी कापा, असे म्हणतो. तोच अर्धा दिवस एका ठिकाणी घालवा. चारांपैकी तीन स्थळे गाळली तर कामाकुराचे काही बिघडत नाही, आणि रांगेतील तीन जागा गावकऱ्यांस मोकळ्या होतात. महाबुद्धच पाहावयाचा असेल तर तोच पाहा. त्याच्या पोटात शिरा, पाठीमागे जा, आवारात बसा. आणि यादीबाहेरचे काही हवे असेल तर पायी चाला. डोंगर फोडून काढलेल्या जुन्या खिंडी आहेत. नागोएच्या खिंडीत अजून कड्यांमधून अरुंद वाट जाते, आणि तिच्या आसपास मऊ खडकात कोरलेल्या मध्ययुगीन थडग्यांच्या गुहा आहेत, ज्यांस ‘यागुरा’ म्हणतात. लेण्यांच्या देशातून आलेल्या माणसाचे पाय तेथे आपोआप थबकतील.

किंवा झाइमोकुझाच्या टोकास वाकाए नावाचे बेट आहे, ते पाहा. बेट कसले, गोट्यांची एक लांब रास. 1232 साली, जहाजे खडकाळ उथळ किनाऱ्यावर फुटू नयेत म्हणून, एका भिक्षूच्या पुढाकाराने लोकांनी दगड वाहून येथे धक्का बांधला. जपानात शिल्लक असलेला हा सर्वांत जुना कृत्रिम धक्का. येथे तिकीट नाही, कमान नाही. शेवाळलेले दगड, त्यांत अडकलेले समुद्रगवत, आणि क्वचित शिंपल्या वेचणारे गावचे एखादे मूल. तेथे जाण्यास एनोदेनची गरज नाही. कामाकुरा स्थानकापासून समुद्राकडे तोंड करून चालू लागले की अर्ध्यापाऊण तासात माणूस पोचतो. मात्र निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ पाहून घ्यावी, कारण भरतीच्या वेळी तेथे पाण्याखेरीज काही दिसत नाही.